नुसते हात आणि आवाज

...आणि वर मलाच विचारतात, "नेलिदाबाई, केसांत अंड्याचं टरफल कसं?" अहो कसं म्हणजे? डोक्यावर अंडं फुटलं की टरफल केसांतच जाणार ना, का बँकेत जाणार? तुम्हाला सांगते, पाच वर्षं कायद्याच्या कॉलेजात बसले मी! करार, वारसा, खून, घटस्फोट, सगळं ऐकलं, एक तास बुडवला नाही, आणि पदवी कुणाला? आयलिनला! मला काय? अंडं! बरोबरच आहे म्हणा... आयलिनला ऐकू येत नाही आणि मी तिची दुभाषी. मास्तर बोलले की खुणांनी तिला सांगायचं, ती खुणांनी बोलली की तोंडानं मास्तरांना सांगायचं, जसंच्या तसं, पदरचा एक शब्द घालायचा नाही. मत? मत घरी ठेवून यायचं. मी कोण? नुसते हात आणि आवाज!

आणि हे तरी सुखासुखी मिळालं म्हणता? पहिल्या वर्षी पोरगी दिव्यांग विद्यार्थ्यांच्या कक्षात गेली, 'मला ऐकू येत नाही' असं लिहून दाखवलं, तर त्यांनी काय द्यावं? मोठ्या अक्षरांची पुस्तकं! खिडकीतली बाई म्हणते, "अगं, सध्या हेच शिल्लक आहे, ने तर खरं, वाया थोडंच जाणार आहे?" आयलिन हटली नाही. रोज त्याच खिडकीसमोर खुर्ची टाकून बसायची, हसतमुखानं! शेवटी त्या बाईला जेवण गोड लागेना, तेव्हा कुठे मला बोलावणं आलं. माझ्या आईबापांना ऐकू येत नव्हतं, मी बोलायच्या आधी खुणा शिकले, म्हटलं सोपं काम आहे. सोपं! मास्तरांनी विनोद केला की अख्खा वर्ग हसतो, मग माझे हात पोचतात, मग आयलिन एकटीच हसते... आणि मास्तर दचकून आपल्या पँटची चेन बघतात!

तर आज शेवटची परीक्षा. तोंडी. मालमत्तेचा कायदा, समोर तीन परीक्षक, मधोमध डॉक्टर गारमेन्दिया. या माणसानं तिला आधी दोनदा पाडलंय. का? तर असे खर्जात बोलतात, "बाई, उत्तरं छानच आहेत हो, पण कोणाची? मुलीनं नुसते हात हलवले आणि उत्तर तुम्हीच दिलंत, तर मला काय कळणार?" बघा! माझ्यावरचा आरोप, आणि तो तिला सांगायचा माझ्याच हातांनी! दोन्ही वेळेला दोस्तमंडळी खाली दारात अंडी आणि पीठ घेऊन उभी, पास झाली की फासायला, आमच्याकडे पदवी मिळाल्याची रीतच आहे ती, आणि दोन्ही वेळेला त्या अंड्यांचं आम्लेट झालं. ही तिसरी खेप. यातही पडली तर विषय पुन्हा पहिल्यापासून, आणि वकिलाकडे ठरलेली नोकरी गेलीच.

गारमेन्दियांनी विचारलं, "समजा, एव्हारिस्तोच्या मधमाश्या पोळं सोडून उडाल्या. हा मागे धावला, शेजारणीच्या वाडीत शिरला, टोमॅटो तुडवले, दमला, झाडाखाली बसून थर्मास उघडला, येर्बाचा कडू चहा घोट घोट घ्यायला लागला. तेवढ्यात शेजारणीनं माश्या पेटीत धरल्या. माश्या कोणाच्या?"

सुटलो, म्हटलं! एव्हारिस्तोच्या! माणूस दमला म्हणून काय माश्या शेजारणीच्या होतात? आणि आयलिन खुणेनं काय म्हणते? "शेजारणीच्या."

झाली का पंचाईत! मी 'एव्हारिस्तोच्या' म्हटलं असतं तर कोणाच्या बापाला कळणार होतं? खुणा समजणारी त्या खोलीत मी एकटी! पण नाही... आईबापांचं बोलणं लोक असंच आपल्या सोयीनं फिरवायचे, ते बघत वाढलेय मी. म्हटलं, "शेजारणीच्या." म्हटलं खरं, पण नासकं दूध मोरीत ओतावं तसं! आणि मग हात... हात ऐकेनात! "अगं बावळट, एव्हारिस्तोच्या! जरा टेकला फक्त बिचारा!" ती उलट माझ्यावरच, "नेली, लुडबुड करू नकोस!" मी म्हणते, "अगं, अंडी!"

"काय चाललंय?" गारमेन्दिया गरजले.

आता नियम म्हणजे नियम, खोलीतलं सगळं सांगायचं. सांगितलं. "डॉक्टर, मी तिला बावळट म्हटलं, तिनं मला लुडबुडी म्हटलं."

"म्हणजे तुमच्या मते माश्या एव्हारिस्तोच्या?"

"अर्थात!"

"मग बाई, तुम्ही नापास." आणि तुम्हाला सांगते, पहिल्यांदा, पाच वर्षांत पहिल्यांदा, तो माणूस माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघून बोलला! "सांगा आयलिन, शेजारणीच्या का?"

काय सुटली पोरगी! "मालक मागे धावतोय तोवर माश्या त्याच्या, तुडवलेल्याची भरपाई देऊन. पाठलाग सोडला की जो धरील त्याच्या. आणि डॉक्टर, ज्यानं थर्मास उघडला तो काय आता संध्याकाळपर्यंत उठतोय? हां, एव्हारिस्तो उरुग्वेचा असता तर गोष्ट वेगळी, ते लोक थर्मास काखेत धरून धावतात!"

तिन्ही परीक्षक टेबल बडवून हसले! आणि या खेपेला आयलिन सगळ्यांच्या आधी हसली, कारण विनोदच तिचा होता! दहापैकी दहा! मी रडले हो... हात रिकामे नव्हते म्हणून नाक गळत रडले.

खाली अंडी तयारच होती. तिला फासलं, मलाही फासलं, म्हणे "तूही पाच वर्षं शिकलीस!" अरे मी नापास झालेय रे! ऐकतंय कोण? तेवढ्यात गारमेन्दिया पायऱ्या उतरून आले, आणि बलक निथळत असताना आयलिननं हात हलवले, आणि माझ्या या तोंडातून, माझ्या स्वतःच्या तोंडातून काय बाहेर पडलं? "डॉक्टर, पुढचं शिक्षणही तुमच्याकडेच करीन म्हणते. मालमत्तेचा कायदा. सगळा. खोलात जाऊन."

डॉक्टर तिच्याकडे बघून हसले. म्हणाले, "जरूर या."

आणि ते 'जरूर या' तिच्यापर्यंत पोचवलं कोणी? ...या पिठानं बरबटलेल्या हातांनी!