नागपूरला कसं जावं

(वडवणीजवळच्या एका गावातलं दूध संस्थेचं ऑफिस. दुष्काळाचं सलग दुसरं साल, डिसेंबर. चेअरमन सुंदरराव, सचिव बंकट आणि नव्या संचालक छबुबाई.)

सुंदरराव : ...आन तोंड वर करून बिल्डिंगा बघत हिंडायचं न्हाई. नागपूर हाय ते, वडवणीचा बाजार न्हाई. रस्ता वलांडायचा तर माझ्या मागं मागं यायचं.

छबुबाई : बरं.

सुंदरराव : पिशवी छातीशी धरायची. आंगुळीचं गरम पानी सकाळी सहालाच खलास होतं. आन थंडी लई बेकार तिथली. स्वेटर-बिटर हाय का न्हाई?

छबुबाई : चेरमनसाहेब, बावीस वर्सं ऊस तोडलाय म्या. भल्या पहाटं दवानं वल्ल्या पाचटात आमी हात घालायचो, तवा तुमी रजईत असायचे. थंडीचं सोडा, फुडचं सांगा.

सुंदरराव : बघ बे बंकट, कशी बोलायली! औंदा पत्रात लिहून आलं, शिष्टमंडळात एक महिला संचालक पाहिजे. न्हाईतर हिला कोन नेतंय अधिवेशनाला?

बंकट : आण्णा, त्या हितंच बसल्यात.

सुंदरराव : बसू दे. छबुबाई, भाकरी बांधून घेऊ नका, लोक हसतेत. तिथं तर्री-पोहे खायचे. येताना संत्र्याची बर्फी घ्यायची, पर सीताबर्डीत न्हाई, तिथं गिऱ्हाईकाला येड्यात काढतेत. दुकान मी दाखवतो.

छबुबाई : आन अर्ज कुठं द्यायचा?

सुंदरराव : कसला अर्ज?

छबुबाई : चारा छावनीचा. ज्याच्यासाठी चाललोत त्यो. काल म्हाळूनं दोन गाई बाजाराला नेल्या. माझी ढवळी चार दिवसापसून आपल्या पायानं उठंना, आमी जावा-जावा शेपटाला धरून उभी करतोत. आठ दिवसात चारा न्हाई आला तर संस्थेला दूध घालायला गावात ढोर राहायचं न्हाई. मंग कशाचे चेरमन व्हताव तुमी?

सुंदरराव : अर्जाचं मी बघतो. तुमी फकस्त फोटोत उभं राहायचं.

छबुबाई : मागल्या साली तुमी गेलते ना? त्याची पोच कुठाय? फाईल बघितली म्या. चवथी शिकलेय.

सुंदरराव : पोच मागायची नसती. मोठ्या मानसाचा अपमान होतो. आमी सायबाचा सत्कार केला, शाल दिली, नारळ दिला आन अर्ज हातात ठिवला. इचारा बंकटला.

छबुबाई : बंकट, कोन साहेब रे?

सुंदरराव : सांग की बे!

बंकट : आण्णा, राग धरू नका. ते... मांडववाले होते.

छबुबाई : कोन?

बंकट : मंत्र्याच्या बंगल्यावर मांडव-खुर्च्या पुरवनारे. पांढरे कपडे, सगळ्यांना हुकूम सोडायलते. आण्णांनी धावत जाऊन शालच पांघरली. मला दुसऱ्या दिवशी कळालं, तवर अर्ज गेलता त्यांच्या खिशात.

सुंदरराव : तू मला कावून सांगितलं न्हाई?

बंकट : तुमी गावात सत्काराचे पेढे वाटायलते, आण्णा.

छबुबाई : अग्गं माय! आमी ढोरं उपाशी ठिवून वाट बघायलो, की चेरमननं अर्ज दिलाय, आज न्हाई उद्या चारा येईल. आन ह्यांनी मांडववाल्याला शाल पांघरली! लाज वाटती का काई? मला रस्ता वलांडायचं शिकवायलेत!

सुंदरराव : आत सोडत न्हाईत, छबुबाई. चार घंटे गेटावर उभा होतो. कुनी इचारलं न्हाई, पानी पाजलं न्हाई. मंग पांढऱ्या कपड्यातलं जे पैलं भायेर आलं, त्यालाच सायब समजलो. गावाला काय तोंड दाखवायचं होतं मी?

छबुबाई : हेच दाखवायचं. आत सोडलं न्हाई, म्हनायचं. गावानं तवाच दुसरी वाट धरली असती. तुमच्या इज्जतीपाई आमचं एक साल गेलं. बंकट, अर्जाच्या दोन नकला कर. एक त्यांना, एक आपल्याला. आपल्या नकलेवर पोचंचा शिक्का बसल्याबिगर मी माघारी गाडीत बसनार न्हाई.

बंकट : करतो, मावशी.

सुंदरराव : तुमाला बी आत सोडलं न्हाई तर?

छबुबाई : बसन गेटावर.

सुंदरराव : किती दिस?

छबुबाई : बसन. तसंच माघारी येऊन तरी गोठ्यात कोन उरनार हाय?