टोलेडो चौऱ्याहत्तर, पार्किंगवाल्यासह

...आणि वर मला लिहून पाठवतो, 'आपली यादी पाठवा.' यादी! आता तुम्हीच सांगा, ज्या माणसाकडे एकही कॅसेट नाही त्यानं यादी कशाची पाठवायची? वाणसामानाची? मी त्याला चांगलं दोन पानी पत्र लिहिलं होतं, की मी वेंडेल कोवाल, राहणार टोलेडो, ओहायो, नळाच्या सामानाच्या दुकानात काउंटरवर असतो, 'सॉल्ट फेरी' या बँडचा जुना भक्त आहे, त्यांच्या कार्यक्रमांची लोकांनी गुपचूप केलेली रेकॉर्डिंग्ज तुमच्याकडे आहेत असं कळलं, त्यातलं एक, फक्त एक मला हवंय, टोलेडो, ऑक्टोबर चौऱ्याहत्तर, काय असेल ती किंमत कळवा. किंमत म्हटल्याबरोबर जणू मी त्याच्या आईबद्दल काही बोललो. उत्तर दीड ओळीचं. 'आम्ही विकत नाही, अदलाबदल करतो. यादी पाठवा. हॉलिस ट्रेंबली, डलूथ.'

आणि हे सगळं कशासाठी? पार्किंगसाठी.

हसू नका. तुम्हाला सांगतो, आमच्या घराण्यात माणूस कार्यक्रमाला जातो खरा, पण जीव त्याचा पार्किंगमध्ये असतो. माझ्या वडिलांनी बेसबॉलच्या मॅचचा शेवट आयुष्यात कधी बघितला नाही. नऊ डावांचा खेळ, पण सातव्या डावाला त्यांच्या खिशात किल्ल्या खुळखुळायला लागायच्या आणि आम्ही पोरं निमूट उठायचो. कोण जिंकलं ते गाडीतल्या रेडिओवर. ते वारले तेव्हा कबरस्तानाच्या फाटकातून सगळ्यात आधी आमची गाडी बाहेर पडली, आणि आई मागच्या सीटवरून डोळे पुसत म्हणाली, 'त्यांना फार बरं वाटलं असतं.'

तर ऑक्टोबर चौऱ्याहत्तर. आमच्या गावच्या हॉकीच्या हॉलमध्ये सॉल्ट फेरी. तीन तास वाजवलं त्यांनी, वाकून नमस्कार केला, आत गेले. चार हजार माणसं टाळ्या वाजवतायत, आणि मी? मी बायकोचा, लोरेनचा, हात धरून दाराकडे. चार मिनिटांत गाडीत. सगळ्या पार्किंगमधून पहिली बाहेर पडलेली गाडी कुणाची? माझी. मी स्टिअरिंगवर ताल धरून घरी गेलो हो! आणि सकाळी पेपरात काय, तर बँड परत बाहेर आला आणि त्यांनी 'लाँग लेक' वाजवलं. बावीस मिनिटं. जे त्यांनी त्याआधी कधी वाजवलं नव्हतं, त्यानंतर कधी वाजवलं नाही, रेकॉर्डवर घेतलं नाही, काही नाही. जगात एकदाच झालं, माझ्या गावात झालं, आणि मी तेव्हा घरी दात घासत होतो.

आता एवढं दुःख एकट्यानं गिळलं असतं. पण मला मेहुणा आहे. डुएन. लोरेनचा धाकटा भाऊ. हा त्या दिवशी खाली, स्टेजजवळ, मित्रांबरोबर बसला होता. बारा वर्षं, तुम्हाला सांगतो, बारा वर्षं, दर थँक्सगिव्हिंगला टर्की कापायला घेतली की हा खुर्ची मागे रेलून सुरू, 'मी तिथे होतो, वेंडेल. शेवटपर्यंत होतो. गिटारवाल्याच्या डोळ्यांत पाणी होतं, वेंडेल. तू कुठे होतास?' ईस्टरला तेच. माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तेच, पाद्री पाणी शिंपडतोय आणि हा माझ्या कानात, 'डोळ्यांत पाणी होतं.' आणि मी दरवेळी म्हणायचो, 'काय करणार बाबा, लोरेनचं डोकं दुखत होतं.' लोरेन माझ्याकडे बघायची. 'माझं?' म्हटलं, 'दुखत होतं. तुला आठवतसुद्धा नाही, म्हणजे बघ किती दुखत असेल.'

तेव्हा ठरवलं. ते गाणं ऐकल्याशिवाय मरायचं नाही. पण एक कॅसेट मिळवायला आधी संग्रह लागतो, आणि संग्रह सुरू करायला आधी संग्रह लागतो! हॉलिसला परत लिहिलं, की बाबा रे, माझ्याकडे काहीच नाही, मी काय करू? मग जरा नरमला. म्हणाला, नवशिक्यानं कोऱ्या कॅसेटी पाठवायच्या आणि परतीची तिकिटं लावलेलं पाकीट पाठवायचं, आम्ही भरून देतो. मी म्हटलं, हे सोपं आहे. घरात बघितलं तर कोऱ्या नव्हत्या, पण लोरेनच्या मावशीच्या लग्नातल्या पोल्का नाचाच्या दोन होत्या, त्या कुणी ऐकत नव्हतं. त्याच दिल्या पाठवून. आठ दिवसांत परत! सोबत चिठ्ठी, 'कोरी म्हणजे कोरी. मी गेले तीन दिवस मनात ॲकॉर्डियन ऐकतोय.'

मग मी दुकानातून नव्या आणल्या. आणि तेव्हापासून माझं शिक्षण सुरू झालं. या लोकांत, तुम्हाला सांगतो, कॅसेटचं कूळ बघतात. मुलगी बघायला गेल्यावर घराणं विचारावं तसं विचारतात. 'कितवी पिढी?' म्हणजे काय, तर कार्यक्रमात बसून ज्यानं मशीन चालवलं त्याची कॅसेट मूळ पुरुष, तिच्यावरून केलेली पहिली पिढी, तिच्यावरून केलेली दुसरी, आणि दर पिढीला खरखर वाढत जाते, पाचव्या पिढीपर्यंत बँड पावसात पत्र्याखाली वाजवतोय असं वाटतं. हॉलिसनं मला पहिली पाठवली ती चौथ्या पिढीची, डे मॉइन, अठ्ठ्याहत्तर. ढोल ऐकू येतोय, गिटार विहिरीत पडलीय, आणि पुढच्या रांगेतली एक बाई सगळं पहिलं गाणंभर घटस्फोटाची हकिगत सांगतेय. मी ती सहा वेळा ऐकली. नवऱ्याचीच चूक होती. पट्टी लावून लेबल लिहिलं, बुटांच्या खोक्यात ठेवली आणि खोक्यावर लिहिलं, 'संग्रह'. एक कॅसेट होती हो आत! पण काय सांगू, जिन्यावरून खाली तळघरात जाताना मी वेगळा माणूस होतो.

खोक्यात नऊ झाल्या तेव्हा धीर करून विचारलं, 'टोलेडो चौऱ्याहत्तर?' उत्तर आलं, 'पहिली पिढी आहे. पण ती अदलाबदलीतच जाते. माझ्याकडे नाही असं काही आणा.' या माणसाकडे सहाशे एकेचाळीस कार्यक्रम होते! त्याच्याकडे नाही असं काय आणणार? विचार करकरून मला एकच सुचलं. जो कार्यक्रम अजून झालाच नाही, तो.

शह्याऐंशीचा एप्रिल, क्लीव्हलंड. लोरेनच्या मोठ्या पिशवीत तळाशी रेकॉर्डर, त्यावर तिची शाल, आणि सगळ्यात वर दोन पौंडांचं समर सॉसेज. लोरेन म्हणाली, 'हे कशाला?' म्हटलं, 'सापडायला.' दारावरच्या पहारेकऱ्यानं पिशवीत हात घातला, सॉसेज बाहेर काढलं, माझ्याकडे असं बघितलं की जणू बँक लुटताना पकडला. 'बाहेरचं खाणं चालत नाही, साहेब.' मी मान खाली घालून म्हटलं, 'चुकलं.' तो इतका खूश झाला की खाली बघायचं विसरला. सॉसेज गेलं, मशीन आत!

पुढे जे हाल झाले ते शत्रूवर येऊ नयेत. मायक्रोफोन माझ्या कॉलरखाली. म्हणजे टाळी वाजवायची नाही, गायचं नाही, खोकायचं नाही, मान हलवायची नाही. माझं सगळ्यात आवडतं गाणं सुरू झालं आणि मी आपला दंतवैद्याच्या खुर्चीत बसल्यासारखा ताठ. तीन तास मी गप्प बसलो. लोरेन नंतर सगळ्यांना सांगत होती, 'लग्नानंतरची आमची सगळ्यात छान संध्याकाळ.' आणि शेवटी बँड आत गेला, हात सवयीनं खिशातल्या किल्ल्यांकडे... आणि आठवलं, मशीन चालू आहे. उठता येत नाही! जन्मात पहिल्यांदा मी शेवटपर्यंत बसलो. दोन गाणी जास्तीची वाजवली त्यांनी. फुकट! मला वाटलं, हे दरवेळी असं असतं? आणि मग एक तास पन्नास मिनिटं गाडी जागची हलली नाही. आणि हे सगळं कशासाठी? पार्किंगसाठी, आणि पार्किंगमध्येच.

पण रेकॉर्डिंग! काचेसारखं! हॉलिसचं पत्र आलं, पहिल्यांदाच दोन ओळींपेक्षा मोठं. 'कोवाल, हे कुणाच्या बापाला जमलं नसतं. टोलेडो पाठवतोय. आपल्यातला नियम माहीत आहे ना? कॅसेट कधी कापायची नाही. एक सेकंद नाही. टाळ्या, खोकले, गप्पा, सगळं जसंच्या तसं पुढे द्यायचं. शब्द द्या.' मी दिला शब्द. आपल्यातला म्हणाला हो तो! लोरेनला ती ओळ चार वेळा वाचून दाखवली.

कॅसेट आली. लेबल बघतो तर, 'टोलेडो ७४, पार्किंगवाल्यासह.' खाली हॉलिसचा खुलासा, की या कार्यक्रमाच्या दोन-तीन वेगवेगळ्या कॅसेटी फिरतात, सगळ्या भिकार, अस्सल ओळखायची एकच खूण, 'लाँग लेक'च्या आधी एक महामूर्ख माणूस निघायची घाई करतो. तो ऐकू आला तर माल खरा. आमचा सगळ्यांचा फार जीव आहे त्याच्यावर.

 तळघरात गेलो, मशीनला लावली. टाळ्या. आणि स्वच्छ, अगदी मायक्रोफोनला तोंड लावल्यासारखा माझा आवाज, 'चल गं, संपलं. ते आता हॉटेलात पोचले असतील. पार्किंग भरतंय.' आणि त्यावर लोरेन. 'वेंडेल, दिवे लागले नाहीत अजून. वाद्यं स्टेजवरच आहेत. एक गाणं थांब ना.' आणि मी, 'वाद्यं उचलायला माणसं असतात त्यांच्याकडे.' आणि पावलं. आणि मग... मग 'लाँग लेक'. बावीस मिनिटं. मी रडलो. लाज कसली, रडलो. बारा वर्षं वाटत होतं की लोक उगाच वाढवून सांगतात. कुणी वाढवलं नव्हतं, उलट कमीच सांगितलं होतं.

पण थांबा, खरी गंमत पुढे आहे. मी मागे नेऊन परत ऐकली, जरा जास्तच मागे गेली, मुख्य कार्यक्रमाचं शेवटचं गाणं चालू आहे, बँड अजून आतसुद्धा गेला नाही, आणि कडेच्या वाटेनं कुणीतरी वर येतोय. 'जरा पाय घ्या... सॉरी... जरा पाय घ्या, गाडी बसच्या मागे अडकेल माझी.' आणि मग शिंका. एक. दोन. तीन. आणि चौथी येते येते म्हणता नुसतीच 'आ... आ...' आणि नाहीच. ही शिंक आख्ख्या अमेरिकेत एकाच माणसाची आहे! डुएन! माझ्याही आधी! पहिली गाडीसुद्धा त्याचीच! मी सहा मिनिटं जास्त बसलो होतो त्याच्यापेक्षा! गिटारवाल्याच्या डोळ्यांतलं पाणी त्यानं माझ्यासारखंच सकाळी पेपरात वाचलं होतं!

आता माझा पेच बघा. डुएनची शिंक आणि लोरेनचं 'एक गाणं थांब ना' यांच्यात फक्त सहा मिनिटं. माझा-लोरेनचा तुकडा, म्हणजे डोकेदुखीची थाप उघडी पाडणारा, कापला असता तर कुणाला कळलं असतं? हातात कात्री घेऊन बसलो होतो मी. पण शब्द दिला होता. म्हटलं, ठीक आहे, कापायचं नाही, पण बटण तर माझ्या हातात आहे? शिंक झाली की बंद.

थँक्सगिव्हिंग. टर्की आली, डुएन खुर्चीत रेलला, 'मी तिथे होतो, वेंडेल...' मी उठलो. मशीन उचललं, रताळ्यांच्या वाडग्याशेजारी ठेवलं आणि लावलं. 'जरा पाय घ्या...' डुएनचा काटा हवेत. एक शिंक. सासूबाईंनी मान वर केली. दुसरी. तिसरी. 'आ... आ...' आणि सासूबाई, ज्या बाईनं माझ्याशी पंधरा वर्षांत हवामानापलीकडे काही बोलणं केलं नव्हतं, त्या म्हणाल्या, 'गॉड ब्लेस यू, डुएन.' तुम्हाला काय सांगू! बारा वर्षं! डुएनचा चेहरा त्या क्रॅनबेरीच्या चटणीसारखा लालभडक. 'मी... मी बाथरूमला चाललो होतो.' म्हटलं, 'बसच्या मागे?' सगळं टेबल हसत होतं. आयुष्यातला सर्वोच्च क्षण तो, आणि मी सावकाश, राजासारखा, बटणाकडे हात नेला.

लोरेननं माझ्या हातावर हात ठेवला. 'राहू दे ना. इतकं सुंदर गाणं आहे म्हणतोस, ऐकू दे सगळ्यांना.'

सहा मिनिटं, तुम्हाला सांगतो, मी टर्कीकडे बघत होतो. मग माझा आवाज. मग तिचा. 'एक गाणं थांब ना.'  कुणीतरी चमचा ठेवला. लोरेननं ओठ पुसले आणि म्हणाली, 'डोकं बरंय की रे माझं.' बस. भांडली नाही, काही नाही. त्यापेक्षा भांडली असती तर बरं. नंतर भांडी पुसताना एवढंच म्हणाली, 'यापुढे कुठूनही कधी निघायचं ते मी सांगणार.'

तेव्हापासून सगळ्यांचं सगळं चांगलं चाललंय. खोक्यात एकशे बारा कॅसेटी आहेत. पार्किंगवाला मीच, हे हॉलिसला कळवलं तर त्या माणसानं डलूथहून फोन केला आणि म्हणाला, 'एकदा म्हणून दाखवा हो.' मी म्हटलं, 'पार्किंग भरतंय.' पलीकडून तो म्हणाला, 'पुन्हा एकदा.' देशभरातून पत्रं येतात मला. डुएन आता फक्त हवामानावर बोलतो.

आणि गेल्या उन्हाळ्यात आम्ही कोलंबसला गेलो, सॉल्ट फेरी. रेकॉर्डर चालू. बँड गेला, परत आला, परत गेला. दिवे लागले. वाद्यं उचलली. माणसं गेली, पहारेकरी गेले. मी लोरेनकडे बघतो. ती म्हणते, 'थांब.' झाडूवाले आले. वीस मिनिटं आम्ही पाय वर घेऊन बसलो आणि ते आमच्या खुर्च्यांखालून झाडत होते. ती कॅसेट मी जशीच्या तशी सगळ्यांना पाठवली, कापायची नाही ना. शेवटची वीस मिनिटं नुसता झाडू आहे. आणि हॉलिस विचारतोय, आणखी एक प्रत मिळेल का.