हौसानं मागितलं एवढंच

आमचं गाव उंब्रजजवळ. आमचे वडील गावातली भांडणं मिटवायचे, त्यांच्यामागं लोक माझ्याकडं यायला लागले, आबा म्हणायला लागले. शिवीगाळ, बांधावरची हाणामारी, असली प्रकरणं कराडच्या कोर्टात गेली तरी जज्जसाहेब म्हणायचे, आपसात मिटतंय का बघा. मग आमी कोर्टाबाहेर लिंबाखाली बसायचो. माझी रीत एकच, मार खाल्लेला माणूस आधी बोलणार, मारणारा गप ऐकणार. काय सांगू तुमाला, परत येताना दोन्हीकडची माणसं एकाच एष्टीनं यायची.

पण हौसाचं सांगायचं ऱ्हायलंय. आजवर कुणाला सांगितलं न्हाई. हौसा माझी धाकटी बहीण, नवऱ्यानं टाकलेली, माझ्याच घरात असायची. पाण्याच्या पाळीवरनं शेजारच्या गणपानं तिला काठीनं हाणलं, पाठीवर वळ उठले. मला न इचारता ती एकटी चौकीवर गेली, तक्रार देऊन आली. दंड नको, कैद नको, एवढंच म्हणायची, दादा, त्यानं साहेबापुढं म्हणावं, मी मारलं, जाणून मारलं.

आता माझ्या उसाच्या गाड्या जायच्या गणपाच्या रानातनं. ऊस तोडीला आलेला. तारखेदिवशी गणपानं मला बाजूला घेतलं, म्हणला, आबा, केस मिटली तर वाट तुमचीच हाय, न्हाईतर काट्याची कुपाटी घालून वाट अडवतो. मी लिंबाखाली आलो आन् पहिल्यांदाच मारणाऱ्याच्या वतीनं बोललो. हौसाला म्हणलं, गैरसमजातनं झालं म्हण आन् मोकळी हो. ती म्हणली, कसला गैरसमज रं दादा, काठी काय चुकून पाठीवर आली व्हय? मी म्हणलं, माझ्या घरात ऱ्हातीस, माझं ऐक. मग ती उठून आत चालायला लागली. आत साहेबांनी इचारलं, बाई, राजीखुशीनं मिटवताय न्हवं, कुणाचं दडपण न्हाई? तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, मग तिनं हलवली, अंगठा दिला. गणपा सुटला, माझ्या गाड्या गेल्या, आन् गाव म्हणलं, आबानं बहिणीचं बी मिटवलं, वा.

त्याच साली ती विट्याला कापडाच्या मागावर कामाला गेली. भाऊबीजेला येत न्हाई. गेल्या महिन्यात मीच गेलो, त्या खडखडाटात वरडून म्हणलं, हौसा, चुकलं माझं. ती धागा जोडत म्हणली, मला काय सांगतुयास, मला ठावं हाय की. लोकांत सांग.

तवापासनं एका जागी बसवत न्हाई. रानात जातो, परत येतो, पुन्हा जातो. परवा दोघं जण भांडण मिटवायला आले, त्यांना चहा पाजून तसंच परत लावून दिलं.

म्हणून तुमाला पेपरवाल्यांना बोलावलं. नावानिशी लिहा, गणपानं हौसाला मारलं, जाणून मारलं, आन् तिच्या सख्ख्या भावानं गाड्यांच्या वाटेसाठी तिचं तोंड बंद केलं. गणपा वाट बंद करंल. यंदाचा ऊस उभाच हाय रानात, करू द्या बंद. छापून आलं की विट्याला जाऊन तिला वाचून दाखवा, तिला वाचता येत न्हाई. काय म्हणली ते मला सांगा. आवं, काहीच न्हाई म्हणली तरी येऊन सांगा. तुमचं भलं होईल.