शमिकाच्या माश्या

(अवधपुरी, भोपाळ. मे महिन्यातली दुपार. भिंतीवर तापमापक आहे. तोही अधूनमधून बोलतो.)

मनोरमा : — म्हणून म्हणते, आधी पाणी प्या. उज्जैनहून आल्या आल्या या खोलीत कशाला शिरलात?

उदय : एसी बंद आहे, मनू.

मनोरमा : लाईट गेली असेल.

उदय : शेजारी वर्माजींचा कूलर चालू आहे. ऐक.

तापमापक : चव्वेचाळीस.

मनोरमा : अहो, मेन स्विच खाली आहे. निघताना तुम्हीच पाडलात. आधी गॅस, मग नळ, मग मेन, मग कुलूप. नेहमीसारखं.

उदय : मी?

मनोरमा : चढवा आता.

उदय : झाला, झाला चालू. सत्तावीसला आणतो. सत्तावीसला माश्या बऱ्या असतात. चष्मा दे. आणि शमूचं भिंग.

मनोरमा : काय दिसतंय?

उदय : भोपळ्यावर वाढवलेले खवलेकिडे आहेत. हे सालीला चिकटलेले लाल ठिपके. सुईने एक उलटतो... जिवंत. आतली कीड पिवळी, टच्च. हाही जिवंत. यांना काही झालेलं नाही.

मनोरमा : कवच आहे ना त्यांना. आणि माश्या?

तापमापक : बेचाळीस.

मनोरमा : अहो, माश्या?

उदय : पिंजऱ्याच्या तळाशी आहेत. धुळीसारख्या.

मनोरमा : हलतायत की!

उदय : कुठे?

मनोरमा : ...नाही. तुमच्या श्वासाने हलल्या.

उदय : या साध्या नव्हत्या, मनू. खवल्यांत अंडी घालून त्यांना संपवणाऱ्या बाकीच्या चिमुकल्या गांधीलमाश्या चाळीसच्या पुढे मरतात, आणि मग संत्र्यावर खवल्यांना रान मोकळं. या आपल्या पोरीने नेहरू नगरच्या एका लिंबावरून पकडल्या, भर उन्हाळ्यात तगलेल्या. पिढीमागून पिढी थोडं थोडं ऊन दाखवत वाढवल्या. बेचाळीसला टिकायला लागल्या होत्या.

मनोरमा : यांना थोडं थोडं. आणि स्वतः बागेत खवले मोजत भर दुपारी उभी राहिली, तेव्हा सगळं एकदम घेतलं अंगावर.

उदय : टोपी घातली होती तिने.

मनोरमा : हो. टोपी घातली होती.

तापमापक : एकोणचाळीस.

उदय : तिच्या संशोधन संस्थेने तिची खोली दुसऱ्याला दिली तेव्हा मी हे सगळं घरी आणलं. वर्षभर एसी बंद पडू दिला नाही. लाईट गेली तर घमेल्यात बर्फाची लादी.

मनोरमा : आणि मी बाहेर पंख्याखाली घाम पुसत. भाजीवाला विचारायचा, माताजी, कद्दू को एसी में रखते हैं क्या? मी म्हणायचे, भैया, ये हमारे दामाद हैं.

उदय : असं म्हणायचीस?

मनोरमा : काय करणार? हसायचा तो. कुणीतरी हसायचं.

उदय : उद्या केदार न्यायला येणार होता. तिच्याबरोबर काम करायचा, त्यालाच ठाऊक पुढचं. पाऊस झाला की बागांमध्ये सोडणार होता. तिचं तेवढंच राहिलं होतं.

मनोरमा : माहीत आहे.

उदय : मला मेन पाडताना पाहिलंस तू.

मनोरमा : पाहिलं.

उदय : मग बोलली का नाहीस?

मनोरमा : मला वाटलं, तुम्ही ठरवलंत.

उदय : काय ठरवलं?

मनोरमा : वर्षश्राद्ध करायला निघालोय, तर आता हेही सोडायचं. तिकडे क्षिप्रेवर पिंड, इकडे ही खोली. तोंडाने सांगवत नसेल, म्हणून हाताने केलंत. ऑटोत रडले ना, ते त्यासाठी. केदारचं डोक्यातच आलं नाही.

उदय : मी काहीच ठरवलं नव्हतं गं. वर्षभरात पहिल्यांदा घर सोडलं. हात आपला सवयीने चालला.

मनोरमा : हं. आता कळलं.

तापमापक : छत्तीस.

उदय : एखादी कोषात असेल. खवल्याच्या पोटाखाली. कोषातल्या जरा जास्त सोसतात, शमू म्हणायची.

मनोरमा : द्या ती सुई. मी बघते.

उदय : तू कधी बसली नाहीस इथे.

मनोरमा : कुठून उलटायचं?

उदय : कडेने. हलकेच. साल न टोचता.

मनोरमा : ही?

उदय : काळी पडली.

मनोरमा : ही?

उदय : तीही.

मनोरमा : ही बघा, ही जरा —

उदय : नाही. पुरे, मनू. डोळे दुखतील.

मनोरमा : दुखू देत.

तापमापक : तेहतीस.

उदय : केदारला काय सांगू?

मनोरमा : उन्हाने गेल्या म्हणून सांगा.

उदय : एवढंच?

मनोरमा : ती गेली तेव्हा लोकांना आपण याहून जास्त काय सांगितलं?