पाठमोरं मरण

...आणि वर म्हणते कशी, "अंजोलोकाका, तुम्ही प्रेक्षकांकडे पाठ करून बसा!" पाठ! पाठ हो, पाठ! तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं मी या तोंडावर जेवलो, हे तोंड बघायला आमच्या किओज्जा बंदराचे कोळी भर हंगामात होड्या लवकर किनाऱ्याला लावायचे, आणि ही एर्सिलिया, आमच्या कंपनीच्या मालकांची लेक, जिला मी या मांडीवर नाचवली, ती म्हणते पाठ! अहो, पाठीला नाक असतं का? भुवया असतात? पाठ कधी कुणाला डोळा मारते का?

माझा आजा कातडी मुखवटा घालून चौकातल्या फळ्यांवर नाचायचा. तोंड दिसायचं नाही, पण ढुंगणावर बसलेल्या काठीगणिक टाळी! बापाने मुखवटा काढला, छातीवर हात ठेवला आणि पद्यात बोलायला लागला. साधं पाणी मागायचं तर सोळा ओळी... पाणी येईपर्यंत तहान मरायची! आणि मग मी. माझ्या वेळी विष आलं, खंजीर आला, हरवलेली पोरं गळ्यातल्या पदकावरून सापडायला लागली, आणि तेव्हा मरण म्हणजे कसं, मरण होतं! किंकाळी फोडायची, तीन गिरक्या घ्यायच्या, धाडकन पडायचं. लोक ओरडायचे, "पुन्हा! पुन्हा!" की उठायचं, कपडे झटकायचे, लवून नमस्कार करायचा आणि पुन्हा मरायचं. रोव्हिगोला एका खेळात चारदा मेलोय मी! चौथ्यांदा तर मारेकरीच दमला. कानात म्हणाला, "आता तुझं तूच भोसकून घे, बाबा."

तर ही पोरगी दोन वर्षं पॅरिसला मावशीकडे राहिली, तिथली नाटकं बघून आली आणि स्वतःच एक लिहून बसली. राजा नाही, खंजीर नाही. काय, तर एका कोळ्याचं स्वयंपाकघर! भिंतीला खरं दार, दाराला खरी कडी, चुलीवर खरं कोबीचं सूप. मुलगा आणि सून भांडतायत, होडी विकायची की नाही, आणि आजोबा, म्हणजे मी, कोपऱ्यात बसून बटाटे सोलतोय. तेही खरे! वाक्य एकही नाही. आमचा प्रॉम्प्टर फाउस्तो, ज्याने आयुष्यभर माझं प्रत्येक वाक्य माझ्या आधी म्हटलं, तो रडकुंडीला आला. "अंजोलो, मी तुला प्रॉम्प्ट काय करू? 'सोल' म्हणू?"

मी विचारलं, "बाळ, मी मरतो तरी का?"

"मरता ना! तिसऱ्या अंकात. सुरी थांबते."

"मग?"

"मग काही नाही."

"किंकाळी?"

"नाही."

"एखादी गिरकी?"

"बसलेला माणूस गिरकी कशी घेईल, काका?"

"स्टूल फिरवून!"

तिने कपाळाला हात लावला. म्हणे, मुलाला कळत नाही, सुनेला कळत नाही, फक्त प्रेक्षकांना कळतं. कशावरून? पाठीवरून. पाठ हो, पाठ!

बरं, हसून सोडावं तर तेही जमेना. थिएटरच्या मंडळींनी बजावलं होतं, पहिल्या खेळाला लोक मधेच उठून गेले तर पुढल्या आठवड्यापासून हॉल दोन पायांवर नाचणाऱ्या कुत्र्यांना. म्हणजे कंपनी मोडली, अंथरुणाला खिळलेले मालक उघड्यावर, आणि माझ्या रंगपटात माझ्या आरशासमोर एक पूडल! म्हणून मी काय केलं? बटाट्यांच्या टोपलीत तळाशी माझा लाकडी खंजीर लपवला. म्हटलं, लोक कंटाळले की उसळून उठायचं, किंकाळी ठोकायची, पाचदा मरायचं. कंपनी वाचवतो की नाही बघा!

पडदा उघडला. या बयेने हॉलमधले दिवेसुद्धा बारीक करायला लावलेले! आता लोकांनी एकमेकांच्या टोप्या बघायच्या कशा? पहिला अंक, लोक भोपळ्याच्या बिया फोडतायत, त्यांचा कटाकट आवाज. दुसरा अंक, मागून कुणीतरी, "या म्हाताऱ्याला तोंड आहे का नुसतीच पाठ?" तिसऱ्या अंकात खुर्च्या करकरायला लागल्या, कोट चढायला लागले. मी हळूच टोपलीत हात घातला... आणि तेवढ्यात गॅलरीतून मासेवाली ब्रिजिदा, जिच्या आवाजाने खाडीतले बगळे उडतात, ती खेकसली, "अहो आजोबा, साल केवढी जाड काढताय! अर्धा बटाटा गेला की!"

तुम्हाला सांगतो, जीभ नुसती वळवळली! ब्रिजिदाला उलट उत्तर न देता मी आजवर जगलोय का? तोंड वळवलं असतं तर हॉलने मला डोक्यावर घेतलं असतं. पण विंगेत एर्सिलिया उभी होती, ओठांवर मूठ दाबून. तिच्या लहानपणी मी खोटा मेलो की अशीच उभी राहायची. हात टोपलीत, बोटाला खंजीर लागला... आणि मी बटाटा उचलला. का, ते विचारू नका! उचलला, आणि साल पातळ काढायला लागलो.

गॅलरीत हशा पिकला. "ऐकलं बरं का आजोबांनी!" मग हळूहळू बियांचा आवाज थांबला. मी सोलतोय, साल लांबतेय, कागदासारखी पातळ, गुडघ्याच्या बाजूने खाली आली, तुटत नाही. सगळं गाव त्या सालीला लोंबकळलेलं! पलीकडे मुलगा-सुनेचं भांडण चालूच. आणि मी सुरी थांबवली.

काही नाही. टाळी नाही, शिटी नाही. आईशपथ, मेल्यावर इतकी भीती मला कधी वाटली नव्हती! साल तेवढी हलत होती. मग ब्रिजिदा, पण आवाज कसला, तो तिचा वाटेचना, "अगं बाई... आजोबा गेले. आणि ही दोघं भांडतच बसलीत!"

कोट चढवलेल्या एकाने टोपी काढली, म्हणे. मला कसं दिसणार? माझी तिकडे पाठ!

पडदा पडला तरी कुणी "पुन्हा" म्हटलं नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा! मग ज्या टाळ्या सुरू झाल्या... जाऊ द्या. ब्रिजिदा धापा टाकत आत आली, माझा दंड चिमटून बघितला आणि कडाडली, "मेल्या, जिवंत आहेस!" आणि रडली. एर्सिलियाने टोपली उचलली. "काका, यात हा खंजीर कसा?" मी म्हटलं, "बाजारात हल्ली वजनाला काय वाटेल ते घालतात, बाळ."

कुत्रे आले नाहीत. हॉल अख्खा हिवाळा आमचा. आणि आता गावात मी समोरून गेलो तर कुणी ओळखत नाही हो, पुढे गेलो की मागून हाक, "ते बघा, बटाटेवाले आजोबा!"

काल ती नवं नाटक घेऊन आली. डोळे असे चमकतायत! "काका, तुमची मोठी भूमिका. शेजारच्या खोलीतला आजारी बाप. तुम्ही दिसतच नाही. नुसते खोकता."

झालं! आजाचा मुखवटा गेला, बापाची छाती गेली, माझं तोंड गेलं, आता पाठही गेली. काय करता? सकाळपासून दाराआड बसून खोकतोय. ऐका बरं... खुं... खुं-खुं... मागच्या रांगेत पोचला? काय म्हणता, पुन्हा?

नाही हो, ती रीत आता राहिली नाही.

...बरं, एकदाच. एर्सिलियाला सांगू नका. खुं...