दोघींचं चीज

चीजच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे दोघी बहिणी होत्या.

"ताई, तुला चीज कशाला गं?"

"सुट्टीच्या जेवणाला. शंखासारखा मोठा पास्ता, पोटात पालक-पनीर, वर टोमॅटोचा सॉस आणि चीज. ओव्हनमध्ये खरपूस भाजायचा."

"तो तर तुझी सून करायची."

"तीच करणार आहे. मी नुसती भरू लागणार."

"अगं, घटस्फोट झालाय त्यांचा!"

"तो माझ्या मुलाने दिला. मी कुठे दिलाय?"

"आणि तो जेवायला आला म्हणजे?"

"म्हणाला, ती आली तर मी येणार नाही. म्हटलं, नको येऊस."

"पोटच्या पोराला? असं असेल तर मलाही जेवायला धरू नकोस बाई. लोक काय म्हणतील?"

"लोकांना कोण वाढतंय? थांब, त्याचाच फोन. हां, बोल... हो, येतेय ती... नाही, तिला आधी जेवायला घालून पाठवणार नाही. एकाच टेबलावर बसायचं आणि तिच्याशी नीट बोलायचं. जमत असेल तर ये... मग राहू दे."

"काय म्हणाला?"

"आई मेली समजतो, म्हणाला."

"ताई..."

"समजू दे. जेवण व्हायचं ते होणारच."

"काकू, किती माणसांचं देऊ?" काउंटरवरच्या माणसाने विचारलं.

"दोघींचं."

"तिघींचं द्या हो," धाकटी म्हणाली. "आणि ताई, ती पिशवी इकडे आण. पास्ता भरायला मीही बसते."