मोहाखालचा पाला

(दरेकशाजवळचं जंगल. मोहाच्या झाडाखाली चैतराम आणि उर्वशी.)

चैतराम : सरक वो माय, पाय पोळतीन. आगपेटी लावून राहिलो.

उर्वशी : थांबा ना काका.

चैतराम : कायले? फुलं पडाले लागले. एवढ्या पाल्यात काय दिसन तुले? तुहा बाप यादोराव असता तं म्या हात नसता लावला. त्याचं झाड, त्यानं पाहावं. आता तो गेला, तं त्याच्या झाडाखालचा पाला जाळून देनं माहं काम हाये का नाही?

उर्वशी : आहे.

चैतराम : मंग? जाळू नको म्हनतं का?

उर्वशी : तेच मला म्हणता येत नाही.

चैतराम : विद्यापीठानं तोंडाले कुलूप लावलं का?

उर्वशी : तसंच समजा. लोक पाला का जाळतात, आग जंगलात कशी जाते, हा आमचा अभ्यास. सरकारनं नियम काय करावा, ते त्यावरून सुचवायचं. मी फक्त विचारायचं. जाळा, जाळू नका, काही सांगायचं नाही. नाहीतर लोक मला बरं वाटावं म्हणून उत्तरं देतील.

चैतराम : बापालेबी नाही सांगतलं?

उर्वशी : पहिलं घर आमचंच होतं. बाबा म्हणाले, ‘तुले काय वाटते?’ मी म्हटलं, माझं राहू द्या, तुमचं सांगा.

चैतराम : अन् मागल्या साली त्यानं इथं वहिनीचे जुने लुगडे आंथरले. फुलं लुगड्यावर पडावे म्हने. सारं गाव हासलं. मीच म्हटलं, ‘काऊन गा यादोराव, झाडाचं बाळंतपन करतं का?’

उर्वशी : तेही हसले होते. घरी येऊन सांगितलं त्यांनी. पण लुगड्यांचं त्यांना कोणी सुचवलं, ते नाही कळलं मला.

चैतराम : कोनी म्हंजे? तूच.

उर्वशी : मी?

चैतराम : तूच इचारलं ना, पाला न जाळता फुलं वेचता येतीन का? मले म्हने, ‘पोरगी एवढी शिकली, बापाले सीधं सांगाले लाजते. पन इचारते म्हंजे तिले तसंच पाहिजे.’

उर्वशी : काका, तो प्रश्न घरोघरी विचारला होता. तुम्हालाही.

चैतराम : म्या म्हटलं, नाही येत.

उर्वशी : हो.

चैतराम : रडू नको वो.

उर्वशी : आमच्या मॅडम म्हणतात, तुमचं घर आता अभ्यासातून वगळा. न जाळणारं गावात तेवढं एकच होतं, आणि आता तो माणूस नाही.

चैतराम : झाड तं हाये.

उर्वशी : झाडाला काही विचारता येत नाही.

चैतराम : हे धर आगपेटी. आता मले इचार.

उर्वशी : काय?

चैतराम : तोच सवाल. सांगू नको काही, इचार फक्त.

उर्वशी : पाला न जाळता फुलं वेचण्याचा दुसरा काही मार्ग तुमच्याकडे आहे का?

चैतराम : ते लुगडे हायेत का वो घरी अजून?